एकशे आठ टाक्यांचा स्वेटर

३ नोव्हेंबर, सकाळी ९.१०
हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी पडली आहेत. कोरा कागद रद्दीत देववत नाही. म्हणून आजपासून इथे विणकामाची नोंद. कुणी वाचायची नाही.

लेकीला नोकरी लागली. लांबच्या, थंड शहरात. चौदा डिसेंबरला निघायचंय. मी रडले नाही. हे म्हणतात, रडलीस. यांच्या चष्म्याचा नंबर वाढलाय.

ठराव : तिच्यासाठी स्वेटर विणायचा, आणि तो घेऊनच ती घरातून निघाली पाहिजे. सहावीनंतर माझ्या हातचं लोकरीचं काही तिने अंगाला लावलेलं नाही. टोचतं म्हणते. पण तिकडे तिला कोण विचारणार आहे, कान बांधलेस का, अंगावर घेतलंस का? निदान स्वेटर तरी असावा.

वीस दिवसांत होईल. उरलेल्या दिवसांत टोपी आणि मोजे.

५ नोव्हेंबर
लोकरीच्या दुकानात गेले. भिंतीवर कागद लावलाय : बारा डिसेंबरला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये हस्तकला प्रदर्शन आणि हातविणीचा फॅशन शो. आपण विणलेलं आणायचं, घालून चालायला आपलंच माणूस आणायचं. नाव लिहून घेणाऱ्या फॅशनवालीचे केस एका बाजूला खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूला कानापर्यंत. कापता कापता मध्येच वीज गेली असावी. मुलगी मात्र गोड. म्हणाली, काकू, प्रेरणा रस्त्यावर असते, डोळे उघडे ठेवा.

नाव दिलं. यादीत पहिलं नाव आमच्या मोठ्या जाऊबाईंचं होतं. मी यादी वाचली नाही, नजर गेली.

लोकरवाली म्हणाली, ताई, आधी चार बोटांचा चौकोन विणा, धुवा, मोजा, मग टाके ठरवा. चौकोन घालणार कोण? लोकर काय फुकट येते? विणीच्या छापील पत्रकात लिहिली आहे तेवढीच घेतली. एक गुंडा जास्त न्या म्हणत होती. दुकानदार दुसरं काय म्हणणार! रंग विटकरी. मळ दिसत नाही.

लेकीला विचारलं, शोमध्ये घालून चालशील ना? म्हणाली, बघू. म्हणजे हो.

७ नोव्हेंबर, पूजा झाल्यावर
पत्रकात पाठीचे टाके शहात्तर लिहिलेत. शहात्तर या आकड्याला काही अर्थ आहे का? सुया देवापुढे ठेवल्या, डोळे मिटले आणि आतून आलं : एकशे आठ. टाक्याला एक नाम. ओळ संपली की माळ संपली. जपही होतो, स्वेटरही होतो, आणि माळेचे मणी झिजत नाहीत ते वेगळंच. पुढचे दोन भाग चोपन्न-चोपन्न, अर्धी-अर्धी माळ. बाह्यासुद्धा चोपन्न. मॅट्रिकला गणितात मला उगीच नव्हते चांगले मार्क.

बत्तीस टाके जास्त होतात खरे. पण तिकडे गेल्यावर तिची तब्येत सुधारेल.

लेक म्हणाली, आई, माप तरी घे. म्हटलं, मी तुला जन्म दिलाय, माप मला सांगतेस? म्हणाली, तेव्हा मी तीन किलोची होते.

१० नोव्हेंबर
बॉर्डर झाली. चार दिवसांत चार बोटं. वेग चांगला आहे.

साखर आणायला बाहेर पडले तर समोर एक बाई. पाठीवर अशी काही केबल, वेणीसारखी, दोन ठिकाणी दुभंगून परत जुळणारी! प्रेरणा. मागोमाग निघाले. तिसऱ्या वळणावर ती बँकेत शिरली. मी तिच्या मागे रांगेत. वेणीचे टाके मोजत होते, आठ का बारा ते कळेना, ती सारखी पाय बदलत होती. शेवटी तिचं काम झालं, ती गेली, आणि खिडकीतला माणूस माझ्याकडे बघायला लागला. म्हटलं, एक फॉर्म द्या. म्हणाला, कुठला? म्हटलं, जो असेल तो. लॉकरचा दिला. लॉकरमध्ये ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

घरी येऊन मागच्या भागात वेणी घालायला घेतली. साखर राहिलीच.

१४ नोव्हेंबर
वेणी उसवली. ती दिसायला भडक वाटत होती. ती सारखी डावीकडे सरकत होती हा भाग वेगळा.

बसवत नाही. दोन ओळी विणते, उठते. गॅस बंद केला का, बघते. परत बसते. खिडकीशी जाते, रस्त्यावर कुणी काय घातलंय बघते. बसते. आज दुपारी एका तासात नऊ वेळा उठले. हे म्हणाले, अगं, खुर्चीला काटे आहेत का? यांना कलाकाराचं मन कळत नाही.

ठराव : रोज चाळीस ओळी. एका जागी. बोलायचं नाही.

१५ नोव्हेंबर
सहा ओळी. पाहुणे आले होते.

१६ नोव्हेंबर
चार ओळी. पाहुणे आले नव्हते, पण येतील असं वाटत होतं.

२० नोव्हेंबर
पाठ पूर्ण! जपाच्या साधारण दीडशे माळा झाल्या. मधल्या काही ओळींत नामाऐवजी जाऊबाई मनात आल्या, त्या वजा केल्या आहेत.

कौतुकाने पलंगावर पसरली. यांनी येऊन पाहिली आणि म्हणाले, वा, चादर छान झाली. मी उत्तर दिलं नाही. बोलायचं नाही हा ठराव आहेच.

२५ नोव्हेंबर
लोकर संपली. पाठ आणि एक पुढचा भाग एवढ्यातच संपली. लोकरवालीने वजनात नक्की हात मारला. दुकानात जाऊन तसं सूचकपणे म्हटलं. तिने पाठीचा भाग काउंटरवर पसरला. काउंटर दिसेनासा झाला. म्हणाली, ताई, किती मुली आहेत तुम्हाला?

त्या लॉटची लोकर संपली आहे. दुसऱ्या लॉटचा विटकरी जरा गुलाबीकडे झुकतो. तिने दहा वेळा सांगितलं, उन्हात फरक दिसेल. हॉलमध्ये ऊन कुठून येणार?

घरी येऊन विचार केला, दोन रंगांची फॅशन आहेच. उलट चांगलं झालं.

२९ नोव्हेंबर, दुपारी
जाऊबाई आल्या. त्यांचा पांढरा स्वेटर झालासुद्धा. पिशवीत घालून आणला होता, सहज म्हणे. सहज कुणी स्वेटर घेऊन हिंडतं का? टाके एकसारखे, गळा नीट बसलेला. नीट म्हणजे किती नीट, जीव नाही त्यात.

माझा हातात घेऊन म्हणाल्या, अगं धाकटे, हा स्वेटर आहे की तंबू? पोरगी नोकरीला चाललीय की शिबिराला? मी हसले. हसणं सोपं आहे. मग लेकीला म्हणाल्या, तुझ्या मोठ्या काकूचा हा अंगाला बसतो का बघ गं. तिने घातला. बसला. आरशापुढे जरा जास्तच वेळ उभी राहिली. आरसा पुसायचा राहिलाय, धूळ बघत असेल.

जाताना जाऊबाई म्हणाल्या, वेळ आली तर हा आहेच. वेळ येणार नाही. येऊ देणार नाही.

४ डिसेंबर
दुसरा पुढचा भाग आणि दीड बाही. बोटाला पट्टी. रोजचा स्वयंपाक एकाच भाजीवर आलाय. घरात कुणी बोललं नाही. आवडत असणार.

आज लेक स्वतःहून जवळ येऊन बसली. बाही हातात घेतली, तिच्यात आपला हात घातला, मग दुसराही हात त्याच बाहीत घातला. दोन्ही मावले. म्हणाली, आई, थोडा सैल होईल का गं? म्हटलं, धुतल्यावर आटतो. म्हणाली, आटतो का? म्हटलं, लोकर आहे, आटणारच. तिने मान डोलावली. समजूतदार आहे. माझ्यावर गेलीय.

९ डिसेंबर
स्वेटर पूर्ण. सात गुंड्या. पाटावर ठेवून देवाला दाखवला. पाटावर मावला नाही, दोन पाट घेतले.

मग धुतला, आटावा म्हणून.

१० डिसेंबर
दोरीवर वाळत घातला होता. पाणी पिऊन जड झाला आणि खाली खाली यायला लागला. सकाळी दोरीपासून कमरेएवढा होता, दुपारी गुडघ्याएवढा. संध्याकाळी बाह्या फरशी पुसत होत्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी हाक मारून विचारलं, तुमच्याकडे कोण आलंय हो उंच?

हे म्हणाले, लवकर काढ, नाहीतर तळमजल्याला पोहोचेल. मी यांच्याशी उद्यापर्यंत बोलणार नाही.

११ डिसेंबर
बोलले. दोरीवरून स्वेटर काढायला दुसरं माणूस लागतं.

फॅशनवालीला फोन केला, जरा लांब झालाय म्हटलं. ती म्हणाली, काकू, सध्या ओव्हरसाइजच चालतं! बघा. मला आधीच कळलं होतं, फक्त शब्द माहीत नव्हता.

१२ डिसेंबर, संध्याकाळी ७
शो झाला. सगळं लिहून ठेवते.

पडद्यामागे जाऊबाई पांढरा घेऊन उभ्या. लेकीने एकदा पांढऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे पाहण्यासारखं काही नव्हतं, मी नुसती गुंड्या मोजत होते. मग हात पुढे करून म्हणाली, दे, आई.

घातला. गुडघ्याच्या खाली आला. हात कुठे संपतात ते कळत नव्हतं. एका अंगाने विटकरी, दुसऱ्या अंगाने गुलाबी. हॉलमध्ये दिवे एवढे लख्ख असतील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती बाहेर गेली आणि हॉल हसला. आनंदाने. लोकांना नवीन काही दिसलं की आनंद होतो. ती मध्यावर थांबली, दोन्ही बाह्या पंखांसारख्या उडवल्या आणि गिरकी घेतली. टाळ्या थांबेनात. जाऊबाईंच्या स्वेटरला एवढ्या नव्हत्या. त्यांची सून चालली, लोक बघत राहिले, संपलं. पहिलं बक्षीस मात्र त्यांना. परीक्षक ओळखीचे असणार.

मला प्रशस्तिपत्रक : सर्वाधिक मनोरंजक वस्त्र. वस्त्र म्हटलंय, स्वेटर नाही. मोठा शब्द आहे.

परत येताना लेकीचे कान लाल होते. थंडी पडायला लागलीय.

१३ डिसेंबर
बॅग भरली. स्वेटर घातल्यावर चेन लागेना. लेक वर बसली, मग मी बसले, मग आम्ही दोघी आणि हे. चेन दातांतून सुटली. मी म्हटलं, उशी काढ, दोन पुस्तकं काढ, तो स्टीलचा डबा काढ. स्वेटर आत राहिला पाहिजे. म्हणाली, हो आई, मी सकाळी नीट भरते, तू झोप आता.

१४ डिसेंबर
गेली. बॅग हलकी वाटली उचलताना. मुलगी नीटनेटकी आहे, भरायची अक्कल आहे.

१५ डिसेंबर
काही नाही. घर आवरलं. परत आवरलं.

१६ डिसेंबर, सकाळी ११
तिच्या पलंगाखालचा कप्पा झाडायला उघडला. स्वेटर तिथे होता. चांगला चार घड्या करून, जुन्या ओढणीत गुंडाळून. घाईत राहिला असेल.

घाईत कुणी ओढणीत गुंडाळत नाही.

बाहेर काढला. खुर्चीवर ठेवला. आज विणकामाची नोंद काही नाही.

१७ डिसेंबर, सायंकाळी ६.२०
लेकीचा फोन आला. खोली बरी आहे. ऑफिस जवळ आहे. विचारलं, थंडी आहे का गं? म्हणाली, खूप आहे आई, पण तुझा स्वेटर घातलाय ना, काही वाटत नाही.

स्वेटर समोर खुर्चीवर होता. हे माझ्याकडे बघत होते, मी स्वेटरकडे.

म्हटलं, वरची गुंडीसुद्धा लाव. गळ्याला वारं लागतं.

म्हणाली, लावली.