नव्या मशीनचा डावा फ्लिपर

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा पिनबॉलची मशीने दुरुस्त करणे व लोकांना खेळायला देणे, हे मृत्युपत्र माझ्या खेळघराच्या मागच्या खोलीत, कामाच्या टेबलावर बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे कागदोपत्री नाव वकिलांनी वेगळ्या पानावर घेतले आहे. एरवी मला सगळे मिस्त्री म्हणतात. माझी बायकोसुद्धा म्हणायची. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कुणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, की गोड बोलून पटवलेले नाही. मी चिडलेलो आहे, हे खरे. पण चिडलेल्या माणसालाही मृत्युपत्र करता येते, असे मी विचारल्यावर वकिलांनी सांगितले. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्व काही माझ्या एकुलत्या एका मुलीला दिले होते. ते आता रद्द समजावे. का, ते खाली येईलच.

कलम १. राहत्या दोन खोल्या, त्यांतले सामान आणि बँकेत जे काही असेल ते मुलीला मिळावे. घराशी माझे भांडण नाही. मधल्या कपाटाचे दार उचलून लावावे, ओढू नये.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे पेचकस, पकडी, पाणसळ व तारा जोडायला डाग द्यायचे सामान, यांची व्यवस्था कलम ६ प्रमाणे व्हावी. यातला हातड्रिल धाकट्या भावाकडे सोळा वर्षे आहे. "एका भोकापुरता नेतो, दादा," असे सांगून त्याने तो नेला होता. एक भोक पाडायला सोळा वर्षे लागत असतील तर ड्रिलची गरज त्यालाच जास्त आहे. तो त्यालाच असू द्यावा.

कलम ३. शेजारच्या शिंप्याने आमच्या घंटांच्या आवाजाला कंटाळून गेली तीस वर्षे कात्रीच्या मुठीने मधली भिंत ठोकली आहे. माझ्यानंतर त्याने भिंत ठोकली तर आतून कुणीतरी उलट ठोकावे, म्हणजे त्याला चुकल्यासारखे वाटणार नाही.

कलम ४. घोड्यांचे, समुद्राचे आणि सर्कशीचे अशी तीन जुनी मशीने मी भंगारातून आणून उभी केली आहेत. सर्कस बायकोची आवडती. ती काउंटरवर बसायची तेव्हा समोर सर्कस असायची, आणि ती गेल्यावर नऊ वर्षे मी सर्कस तिथून इंचभर हलवली नाही. आता ती संडासाच्या दाराशी आहे. याचे कारण पुढचे कलम.

कलम ५. नवे मशीन मुलीने आणले आहे, माझे नाही. त्यामुळे ते कुणाला द्यायचे हा प्रश्नच नाही. पण माझे खेळघर कुणाला द्यायचे हे त्या मशीनवरून ठरणार असल्याने त्याची हकिकत इथे नोंदवणे भाग आहे.

मुलगी लिफ्टच्या कंपनीतली नोकरी सोडून अकरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आली. कामाला चोख आहे, नाही म्हणणार नाही. पण गेल्या बुधवारी मी केस कापायला गेलो असताना तिने सर्कस उचलून मागे लावली आणि तिथे हे भुताटकीचे धूड उभे केले.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"मग म्हणालो असतो!"

"म्हणूनच नाही विचारलं, बाबा. लोकांना आता असलं हवंय. जुनी तीन मशीनं बघायला कोण येतं?"

तिच्या आईशीही माझे बोलणे असेच व्हायचे आणि असेच संपायचे.

आमच्याकडे नियम असा, की नव्या मशीनच्या पहिल्या शंभर गोळ्या मालकाने खेळायच्या, दोष वहीत लिहायचे, आणि मगच गिऱ्हाइकाने हात लावायचा. मी गुरुवारी सकाळी वही घेऊन उभा राहिलो. माझे मत, वहीतून उतरवून, येणेप्रमाणे.

पहिली गोळी सोडायच्या आधीच मशीन किंचाळले. शिंप्याने भिंत ठोकली. काचेखाली पडका बंगला आहे, बंगल्यापुढे कबरी, मधोमध विहीर, आणि मागे रबराच्या म्हातारीचे मुंडके, जे मान वळवून खेळणाऱ्याकडे बघते. दिवे इतके लुकलुकतात की गोळी कुठली आणि दिवा कुठला हे कळत नाही. गुण आकड्यांच्या चाकांवर येत नाहीत, पडद्यावर येतात, आणि त्याच वेळी पडद्यावर कुणीतरी कंदील घेऊन जिना चढत असते. मी जिन्याकडे बघितले, गोळी गेली. चौथ्या गोळीला मी जिन्याकडे बघायचे नाही असे ठरवले. तेव्हा कबरीचे झाकण उघडले आणि मी तिकडे बघितले. सातवी गोळी विहिरीत पडली. बराच वेळ आली नाही. मी काच काढायला पेचकस घेतला तेवढ्यात ती दुसऱ्याच भोकातून बाहेर आली आणि माझ्या डोळ्यांदेखत खाली गेली. नवव्या वेळी तीन गोळ्या एकदम सुटल्या. तीन पाहुणे एकदम दारात आले की यजमानाचे जे होते, ते माझे झाले.

आणि दर वेळी गोळी गेली की ती म्हातारी म्हणते, "संपलं? एवढंच?"

एकदा ऐकले. दोनदा ऐकले. पंचवीस वेळा ऐकल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला "गप बस" म्हणालो. काउंटरवर मुलगी खाली मान घालून हसली, ते मी पाहिले.

एक गोष्ट मात्र न्यायाने लिहितो. कबरींच्या खाली लोहचुंबक आहे. तो वेगात येणारी गोळी मधल्या मध्ये धरतो, सगळे दिवे जातात, आवाज थांबतो, आणि मग तो गोळी सोडतो. त्या एका क्षणाला मी बटणे दाबायचेही विसरलो. ज्याने हे केले तो हाडाचा मिस्त्री आहे.

पण त्याच मिस्त्रीने डाव्या फ्लिपरची माती केली. ज्याने हा खेळ पाहिला नाही त्याच्यासाठी सांगतो, की फ्लिपर म्हणजे खाली येणारी गोळी परत वर उडवणाऱ्या दोन छोट्या दांड्या. मशीनच्या दोन्ही कुशींना बटणे असतात, दाबली की त्या उडतात. सगळा खेळ त्यांच्यावर. नव्या मशीनचा उजवा फ्लिपर बरोबर आहे. डावा उशिरा उठतो. केसभरच उशीर, पण तेवढ्यात गोळी गेलेली असते आणि म्हातारी बोललेली असते. मुलीला सांगितले. तिने खेळून पाहिले आणि म्हणाली, "मला तर ठीक वाटतो." ज्या पोरीला पेचकस धरायला मी शिकवले, तिने मला असे सांगावे!

कलम ६. म्हणून खेळघराची जागा, तीन जुनी मशीने व हत्यारे मुलीला न देता धाकट्या भावाला द्यावीत. तो शुक्रवारी येऊन म्हणाला, "दादा, मी तिथे गाद्यांचं दुकान टाकीन. शांत धंदा." मला गाद्यांचे प्रेम नाही. पण सदोष मशीन आणून वर मलाच खोटे पाडणाऱ्या मुलीपेक्षा गाद्या बऱ्या. दगडापेक्षा वीट मऊ.

कलम ७. शनिवारची भर. मी नव्या मशीनची काच उतरवून डावा फ्लिपर उघडला. दांडी उडवणारी कॉइल बदलली. स्प्रिंग बदलली. बटणाचे संपर्क घासले. पाणसळ लावून चारही पाय तपासले. शेवटी समुद्राच्या मशीनची चालू कॉइल काढून यात बसवली, म्हणजे आता समुद्रही बंद आहे. डावा फ्लिपर तरी उशिराच. मुलगी दिवसभर बाजूला उभी राहून स्क्रू वाटीत गोळा करत होती. एकदाच म्हणाली, "बाबा, राहू द्या ना आता." मी तिला काय बोललो ते इथे लिहीत नाही.

कलम ८. रविवारची हकिकत. सकाळी मी पासष्टावी गोळी घालवली आणि मशीनला लाथ मारली. पन्नास वर्षांत लाथ मारणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना मी दंड धरून बाहेर काढले आहे. मुलगी उठून आली आणि माझ्या मागे उभी राहिली.

"बाबा, हात उलटे धरून खेळा."

हा उपाय माझाच. फ्लिपरची तक्रार आली की मी गिऱ्हाइकाला सांगायचो, डाव्या हाताने उजवे बटण दाबा आणि उजव्या हाताने डावे. दोष मशीनचा असेल तर तो आहे तिथेच राहतो. दोष माणसाचा असेल तर तो माणसाबरोबर पलीकडे जातो. पलीकडे गेला की मी मोठ्याने म्हणायचो, "नाचता येईना अंगण वाकडं!" आणि सगळे हसायचे. शेकडो लोकांची मी अशी जिरवली. मुलगी बारा वर्षांची असताना तिलाही शिकवले. चार दिवस मी मशीनला दोष देत बसलो, पण हे स्वतःला सांगायचे मला सुचले नाही.

मी हात उलटे धरले. डावा फ्लिपर ताडकन उडाला. उजवा उशिरा उठला. मी पाच गोळ्या खेळलो. पाचही उजवीकडून गेल्या.

मुलगी हसली नाही. तिने मागून मशीनची वायर ओढली, म्हणजे म्हातारीही बोलली नाही.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"सहा महिने झाले. तुम्ही दिलेले डाग सुटतात. तारा सैल राहतात. मी सकाळी तुमच्या आधी येते ती झाडायला नाही येत, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

"कसं बोलू? तुम्हीच सांगा, कसं सांगायचं असतं ते."

सहा महिने मी माझे काम म्हणून ज्याची ऐट मिरवली ते तिचे काम होते. मला रडू आले. वकील म्हणतील, हे मृत्युपत्रात लिहायची गरज नाही. पण आले.

सोमवारी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी डाव्या हाताची बोटे चाचपली, सुई टोचून कुठे कळते आणि कुठे नाही ते पाहिले, आणि तपासण्या लिहून दिल्या. बरे होईल का, यावर "बघू" म्हणाले. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना जसे "बघू" म्हणत आलो तसेच म्हणाले, त्यामुळे मला अर्थ कळला.

कलम ९. सबब कलम ६ रद्द. खोडले तर प्रत्येक खाडाखोडीवर सही लागते असे वकील म्हणाले, म्हणून ते तसेच ठेवले आहे. माझा मूर्खपणा वाचणाऱ्याला दिसला तरी हरकत नाही. खेळघराची जागा, जुनी मशीने व सर्व हत्यारे माझ्या मुलीला मिळावीत. भावाने गाद्यांसाठी दुसरी जागा बघावी व राग मानू नये. नवे मशीन आहे तिथेच राहावे. ते फार बोलते, हे माझे मत कायम आहे. डाव्या फ्लिपरची तक्रार मी मागे घेतो. उरलेल्या गोळ्या तिने खेळाव्यात व वहीत शेरा तिने लिहावा.

कलम १०. खेळघराची किल्ली मी मुलीला आजच देत आहे. वकील म्हणाले, "मिस्त्री, मृत्युपत्राने जे द्यायचं ते मेल्यावर मिळतं, आज देता येत नाही." त्यांच्या कायद्यात बसत नसेल तर त्यांनी हे कलम वाचू नये. मी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि उद्या मी किती वाजता येऊ, असे तिला विचारले. या जागेबद्दल मी हे कुणाला कधी विचारले नव्हते. तिने किल्ली खिशात टाकली.

"आठला या," ती म्हणाली. "डाग मी देईन. तुम्ही शेजारी बसा, आणि मी चुकले तर ओरडा."

वरील सर्व मी राजीखुशीने लिहिले, साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: मिस्त्री, मृत्युपत्र करणार

साक्षीदार १: शेजारचा शिंपी. (कलम ३ ला माझी हरकत आहे, पण सही करतो.)

साक्षीदार २: डॉक्टर. (मृत्युपत्र करणाऱ्याला मी तपासले आहे. मनाने पूर्ण शुद्धीवर.)

ठिकाण: खेळघराची मागची खोली

दिनांक: अठरा नोव्हेंबर, मंगळवार, दुपार