खांद्याचं मतदान

६ जानेवारी

चि. भाऊ आणि चि. सौ. चिमी यांस,
अ. उ. आ.

दोघांना वेगवेगळं लिहायला हात चालत नाही, म्हणून एकच पत्र लिहून त्याची झेरॉक्स काढली आहे. अस्सल कुणाकडे आलं नि झेरॉक्स कुणाकडे, यावरून भांडू नका. लहानपणी साय कुणाच्या दुधावर जास्त आली यावरून झालेली भांडणं मला पुरेशी आहेत.

आई बरी आहे. उजवी बाजू लुळी आहे ती आहेच, बोलणं अडखळत येतं, पण खाणं चांगलं आहे आणि रागही शाबूत आहे. मध्ये एक बाई ठेवून पाहिली होती. आईने तिच्या मनगटाला चावा घेतला. तिच्या आधीचीला तर उशी फेकून मारली. परकं माणूस अंगाला हात लावतं ते तिला खपत नाही. मी कारखान्यात असते तेव्हा शेजारीण डोकावून पाणी देते, पण उचलणं माझंच. कारखाना गल्लीच्या तोंडाशीच आहे म्हणून जेवणाच्या सुट्टीत धावत घरी येता येतं.

पत्राचं कारण माझा उजवा खांदा. हात कानाच्या वर जात नाही. आमच्याकडे गणवेशाच्या कापडाचे थरावर थर टाकून एकदम कापतात, आणि ती कात्री काही नखं कापायची नव्हे. परवा हात थरथरला आणि अख्खा थर वाकडा कापला गेला. मालक काही बोलले नाहीत, पण या माणसाचं न बोलणं मी अठरा वर्षं ओळखते. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोट बिघडेल, खांदा सुधारणार नाही. अॅक्युपंक्चर करा नाहीतर मसाज थेरपी, निवड तुमची. मला त्यातलं काय कळतं? तुम्ही शिकलेले आहात, विचार करून कळवा.

मुलांना पापे. तुमची माया आहेच, ती पत्रागणिक वाढो.

तुमची ताई


१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झेरॉक्स माझ्याकडे आली. चिमीला अस्सल, हा पक्षपात नोंदवून ठेवला आहे.

तुझं पत्र वाचून हिला आणि मला फार वाईट वाटलं. मी त्याच संध्याकाळी ऑफिसातून परस्पर एका अॅक्युपंक्चर केंद्रात जाऊन चौकशी केली. भिंतीवर माणसाचा नकाशा टांगला आहे, आणि त्यावर देवी आल्यासारखे ठिपकेच ठिपके. खांद्याची किल्ली म्हणे पायात असते. नडगीच्या बाजूला सुई टोचली की खांदा मोकळा. आमच्या साहेबांची कंबर अशीच सुटली. जो माणूस वाकून सही करू शकत नव्हता, तो आता खाली पडलेली टाचणी उचलतो आणि आम्हाला दाखवतो.

मालिशच्या भानगडीत पडू नकोस. चोळून घेताना बरं वाटतं, घरी आलं की पहिले पाढे पंचावन्न. चिमी मालिशचं सांगेल, ती लहानपणापासून कुणी पाय चेपून देतंय का बघत असते. तिचं ऐकू नकोस. सुया, ताई, सुयाच!

आईला नमस्कार सांग. हिचाही नमस्कार. धाकट्यावर आहे तशीच कृपा ठेव.

तुझा भाऊ


१६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई गं, तुझा हात! तुझ्या हाताला धरून तर आम्ही शाळेत गेलो. माझे सगळे फ्रॉक याच हाताने कापलेले. वाचून मला रडूच आलं, हे विचारायला लागले काय झालं म्हणून.

भाऊने फोन करून सुयांचं व्याख्यान दिलं. खांदा दुखतो आणि सुई पायात, हे म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! आणि सांगतंय कोण, तर जो शाळेत लस टोचायला आल्यावर बाकाखाली लपला होता आणि तिथेच झोपला होता. तू मालिशच कर. आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाईंची मान धरली होती, एक मसाज थेरपीवाली आठवड्यातून दोनदा यायची, आता मान अशी फिरते की वर्गात कुणाला कॉपी करायची सोय राहिली नाही. स्नायू आखडलेला असतो, तो मोकळा व्हायला माणसाचा हातच लागतो. सुईला काय माया असते?

आमच्या नव्या घराचं काम एकदाचं संपलं. खालची खोली छान झाली आहे, स्वतंत्र न्हाणीघरासकट. पाहुण्यांसाठी पलंगही टाकला. तू कधीतरी येऊन राहा ना, चार दिवस नुसती लोळत पड!

आईच्या गालाला माझा हात लाव. धाकटीवर जीव आहे तो असाच असू दे.

तुझी चिमी


२ मार्च

चि. भाऊ आणि चि. सौ. चिमी यांस,
अ. उ. आ.

या खेपेला झेरॉक्स चिमीला.

तुम्ही दोघांनी एकमेकांची उणीदुणी काढून मला जी पत्रं पाठवलीत, ती वाचताना आई हसली. तेवढं काम तरी झालं. तुमच्यापैकी कुणाचंही मन मोडायला नको म्हणून मी दोन्ही करून पाहिलं.

आधी सुया. डॉक्टर हळू आवाजात बोलणारे, खोलीत पांढरा पडदा. टोचल्याचं दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं होतं. उठले तेव्हा हात कपाळाच्या वर गेला! रस्त्यात दोनदा वर करून पाहिला, समोरचा रिक्षावाला थांबला. घरी आले, आईला पलंगावरून खुर्चीत घेतलं, आणि कळ परत जागच्या जागी. मग मालिश. ती बाई दणकट, बोटं अशी की अंगाची कणीक तिंबावी. तासाभराने मी जवळजवळ झोपलेच होते. घरी आले, आईला न्हाणीघरात नेलं, आणि पुन्हा तेच.

दोघांनीही मला वेगवेगळ्या दिवशी विचारलं, की तुम्ही रोज काय उचलता. मी सांगितलं. आई आपला चांगला हात माझ्या मानेत टाकते, सगळा भार उजव्या खांद्यावर येतो, आणि लुळा पाय फरफटत येतो. दोघंही म्हणाले, तीन महिने उचलणं पूर्ण बंद करा, मग सुया असोत की मालिश असो, गुण येईल. नाहीतर पैसे आमच्याकडे आणून टाकू नका. मालिशवाली तर म्हणाली, खांद्याला विसावाच नसेल तर मी चोळून काय करू.

मालकांनी मला कटिंगच्या टेबलावरून काज-बटणाला बसवलं आहे आणि टेबलावर त्यांचा मेहुणा उभा आहे. तात्पुरतं म्हणतात. पावसाळ्याआधी हात सुधारला तर टेबल माझं, नाहीतर त्याचं. ते टेबल मी कसं मिळवलं हे तुम्हाला ठाऊक आहे. बाईमाणसाच्या हाती कात्री द्यायला कुणी तयार नव्हतं.

म्हणून स्पष्टच लिहिते. आईला दीड महिना भाऊने न्यावं, दीड महिना चिमीने. तुम्ही काही परके नाही, तुमचा हात तिला चालेल. मी आयुष्यात तुमच्याकडे काही मागितल्याचं मला तरी आठवत नाही. चुकत असेन तर कळवा.

उत्तर लवकर द्या. एवढा लोभ करा.

तुमची ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. हिने आणि मी बसून सर्व बाजूंनी विचार केला.

तुझी अडचण शंभर टक्के खरी आहे. पण आमचा तिसरा मजला, लिफ्ट बंद, मोठ्याची परीक्षा, आणि हिला आजारी माणसाची सवय नाही. शिवाय प्रवासाने आईचे हाल होतील ते वेगळेच. ती तुझ्या हाताला सरावली आहे. तुझ्यासारखं उचलणं आम्हाला जन्मात जमायचं नाही, हे मी तुझ्या कौतुकाने लिहितो आहे.

तरी मी एकट्याने निर्णय देणार नाही. अप्पा असते तर त्यांनी काय केलं असतं? युनियनचा माणूस, घराला रंग कुठला द्यायचा यावरही हात वर करायला लावायचे. आईचा हात त्यांच्या हाताइतकाच मोजायचे, आणि बरोबरी झाली तर आईचं मत दुप्पट धरायचे. आपण तसंच करू. आईला न्यायचं की नाही, यावर माझं मत विरोधात, तेही आईच्याच हितासाठी. चिमी आपलं कळवेल. तू आणि आई आपापलं मत द्या. दुसरा ठराव सुया की मालिश, यावर माझं मत अर्थातच सुया. दहा वेळचे पैसे मी भरतो, त्याची काळजी करू नकोस.

सगळं कसं रीतसर झालं म्हणजे मनात किंतू राहत नाही. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ


१५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, हे पत्र मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं आहे.

मी आजच आईला आणली असती. पण सासूबाईंचं तुला माहीत आहे, त्या तोंडाने काही म्हणत नाहीत आणि भांडी आपटतात. खालच्या खोलीत आता ह्यांची व्यायामाची सायकल आली आहे. लेकीच्या घरी आई राहिली की चार लोक चार तोंडांनी बोलतात, त्याचा त्रास आईलाच. म्हणून पहिल्या ठरावावर माझं मत विरोधात. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं, अक्षर फुटलेलं दिसेल.

दुसऱ्यावर मात्र मालिश, मालिश, मालिश! भाऊला जिंकू देऊ नकोस. सोबत शेकायची रबरी पिशवी पाठवते आहे, पाणी फार कढत घालू नकोस.

रागावू नकोस गं. माझ्यावर तू रागावलीस तर मी कुणाकडे बघू?

तुझीच चिमी


२३ मार्च

चि. भाऊ आणि चि. सौ. चिमी यांस,
अ. उ. आ.

पिशवी पोचली. निकाल कळवते.

रविवारी आईला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि तुमची दोन्ही पत्रं अक्षरन् अक्षर वाचून दाखवली. माझ्या पदरचं काहीही घातलं नाही. तुमची दोन मतं विरोधात, माझं एक बाजूने. आईने माझ्या बाजूने हात वर केला की बरोबरी, आणि बरोबरीत आईचं मत दुप्पट. म्हणजे सगळं तिच्या हातात होतं. मी लपवत नाही, मला खात्री होती. कळ आली की मी ओठ दाबते, ते तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर असतं. तिने ते रोज पाहिलं आहे.

बाजूने कोण, असं विचारून मी हात वर केला. तिचा हात मांडीवरच होता. तिला कळलं नसेल म्हणून मी सगळं पुन्हा समजावलं. मग विरोधात कोण म्हटल्यावर तिने चांगला हात शाळेतल्या मुलीसारखा सरळ वर केला.

मी कारण विचारलं. अडखळत, पण एकेक शब्द नीट लावून ती म्हणाली, की त्या दोघांना संसार आहेत, त्यांची ओढाताण होईल. तुला कुठे कोण आहे.

तुमचे कॉलेजचे दिवस संपेपर्यंत माझं वय निघून गेलं, हे तिला माहीत नाही असं नाही. स्थळं तिनेच परत पाठवली होती. जन्मात पहिल्यांदा मला तिचा राग आला, इतका की खोलीत थांबवेना. पण तिला न्हाणीघरात जायचं होतं. तिने हात पुढे केला, मी मान खाली घातली आणि तिला उचललं.

नंतर दुसरा ठराव. मी त्यावर मत दिलं नाही. आई म्हणाली, सुया नकोत, पोरीला टोचेल. असं म्हणून तिने माझा खांदा कुरवाळला, बराच वेळ. तेव्हा मालिश दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाली आहे. चिमी, अभिनंदन. मालिशवालीकडे मी जाणार नाही; तिचं म्हणणं मागच्या पत्रात लिहिलंच होतं.

काल मालकांना सांगून आले की टेबल मेहुण्यालाच द्या. ते हो म्हणाले, लगेच. घरी सांगितलं तेव्हा आईला बरंच वाटलं. बसून काम आहे, दगदग नाही, आणि आता दुपारीही लवकर येता येईल, असं तिचं म्हणणं.

आईची प्रकृती उत्तम आहे. तुम्हा दोघांना तिने आशीर्वाद सांगितले आहेत. खांद्याबद्दल यापुढे विचारू नका. लोभ आहे तो तिथेच असू द्या.

तुमची ताई