इसिरिकच्या धुरीआड

११ नोव्हेंबर

आज परत ओढली. तंदुरामागे बसून. थोटूक निखाऱ्यात टाकलं आणि वर मूठभर इसिरिक — दृष्ट काढायची ती वाळकी काटकी. असा धूर उठला की बाकी कुठला वास राहायलाच नको.

ओसरीवरून सासूबाई ओरडल्या — "केलिन, इसिरिक जाळलंस का गं? शाब्बास! मुहाय्यो, बघ, शीक काहीतरी भावजयीकडून!"

घरात सगळे त्यांना ओयी म्हणतात. मीपण. केलिन म्हणजे सून, मी. मुहाय्यो नणंद. ती म्हणाली, "हो हो, तुझी सून म्हणजे फरिश्ताच आहे!"

मग धुरीचा तवा घेऊन पाळण्याभोवती फिरावंच लागलं. सुंबुल खोकली. माझी पाच महिन्यांची पोर, पाळण्यात बांधलेली — तोंड फिरवणार तरी कुठे?

वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. नुसती बघत बसले.

१२ नोव्हेंबर

इवानोवोला लागली ही सवय. नववीत शाळा सुटली, मावशीने रशियाला शिवणकामाला नेलं. तिथे ओढणारीलाच बाहेर जायची सुट्टी. न ओढणारी मशीनवर! मग काय, शिकले. लग्न ठरलं तेव्हा सोडली. नवरा, ओदिल, तिकडे कामाला गेला त्या आठवड्यात परत धरली. का ते माहीत नाही.

कळलं तर काय होईल ते माहीत आहे. खालच्या आळीतल्या नोदिराचं कळलं होतं. तिला माहेरी सोडून आले. मुलगा ठेवून घेतला. ती सासरच्या भिंतीशी येऊन उभी राहायची. नंतर यायची बंद झाली.

१४ नोव्हेंबर

सुंबुलची छाती घरघरते. दवाखान्यात नेली. डॉक्टरीण तरुण आहे. विचारलं — "घरात कोण ओढतं?"

ओयी म्हणाल्या, "कुणी नाही! हिचे आजोबा नास ठेवतात जिभेखाली, त्याचा कुठे धूर होतो?"

"चुलीचा? इसिरिकचा?"

"इसिरिक तर लागणारच!"

"नाही लागत, आजी. बाळाला धूर म्हणजे विष. कसलाही असो."

माझ्याकडे बघितलं तिने. मी सुंबुलची टोपी सारखी केली.

वाटेत ओयी — "हिला स्वतःला पोर नाही, आली मला शिकवायला! माझी सात लेकरं या धुरात वाढली."

१५ नोव्हेंबर

सोडली. बस.

१७ नोव्हेंबर

डोकं फुटतंय. तलफ आली की कुर्त चघळते. खारट आंबट दह्याच्या गोळ्या — जीभ सोलून निघाली आहे.

मुहाय्योने बघितलं. "अगंबाई, आंबट? ओदिल तर रशियात — हे कुठून आलं?" सगळ्या बायका हसल्या. ओयी हसल्या नाहीत. माझ्या पोटाकडे बघितलं त्यांनी.

मीपण हसले. हसायचं असतं म्हणून.

१८ नोव्हेंबर

कामात लक्ष लागत नाही. तीन नान तंदुराच्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यात पडले. ओयी म्हणाल्या, तुलाच कुणाची दृष्ट लागली आहे. मलाच धुरी दिली! उभी राहिले त्या धुरात. तोंड उघडं ठेवून.

२० नोव्हेंबर

सासऱ्यांच्या डबीतला चिमूटभर नास — तंबाखूचीच भुकटी — जिभेखाली ठेवला. घर गरगर फिरलं. कोंबड्यांच्या खुराड्यामागे ओकले. हे लोक हे दिवसभर कसं ठेवतात तोंडात?

सुंबुल आज कमी खोकली. दूध नीट प्यायली.

२१ नोव्हेंबर

आजपण बरी आहे.

२४ नोव्हेंबर

बाजारात गेले होते. सूर्यफुलाच्या बिया विकणारी एक म्हातारी आहे, ती पुडीच्या तळाशी दोन सुट्या सिगारेटी घालून देते. मी काही मागितलं नव्हतं. बियाच मागितल्या. पण तिच्याकडेच मागितल्या ना? बियावाल्या दहा जणी बसतात तिथे.

एक ओढली. इतकं छान वाटलं! मग दुसरी. इसिरिक जाळलं. ओयींनीच तवा उचलला — "दे, आज मी फिरवते."

मी अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

दिवेलागणीला सुंबुलचे ओठ निळे पडले.

२६ नोव्हेंबर

जिल्ह्याचा दवाखाना. सुंबुलच्या नाकात नळी. छाती वर-खाली, वर-खाली, कुत्र्याच्या पिल्लासारखी.

ओयींनी पदराखालून डबा आणला आणि दवाखान्याच्या बोळात इसिरिक पेटवलं! नर्स धावत आली — "आजी, आग लावता का दवाखान्याला?"

"तू गप गं! दृष्ट आहे ही, सुयांनी जायची नाही. माझ्या नातीच्या उशाशी एकदा फिरवू दे, मग काय ते कर."

आत जायलाच निघाल्या. सुंबुलकडे. धूर घेऊन.

मी दारात आडवी झाले. "ओयी, नको. माझ्यामुळे झालंय."

"काय तुझ्यामुळे?"

"मी ओढते. सिगारेट. वास यायला नको म्हणून इसिरिक जाळायची."

बोलले आणि वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं.

ओयींनी डबा मोरीत नेला, पाणी ओतलं. मग बाकावर बसल्या. म्हणाल्या, "आणि मी मेली गावभर तुझं कौतुक करत फिरले."

नंतर — "तुझ्या सासऱ्यांना कळता कामा नये. कुणालाच नाही."

मारतील वाटलं होतं. मारलं नाही.

४ डिसेंबर

घरी आलो. सुंबुल बरी आहे. ओयींनी पाळणा त्यांच्या खोलीत नेला. बाटली लावली. आलेगेलेल्यांना सांगतात — सुनेचं दूध आटलं हो. बायका चुकचुकतात.

आटलेलं नाही. मोरीत पिळून टाकते.

१० डिसेंबर

त्या दिवसापासून ओढलेली नाही. तंदुरामागे जाते आणि नान भाजून परत येते. ओयींना सांगितलं — "सोडली मी. सुंबुलची शपथ."

"बरं केलंस, पोरी."

"मग आज पाळणा माझ्याकडे —"

"कणीक भिजवलीस का?"

कणीक भिजवली.

१९ डिसेंबर

ओदिलचा फोन. ओयींनी काय सांगितलंय माहीत नाही. ओरडला नाही. "तू इकडेच ये. इवानोवोत बायका पाहिजेत शिवायला. पोरीला ओयी सांभाळतील."

"किती दिवस?"

"बघू ना."

शेजारणी म्हणतात, नशीबवान आहेस बाई! सासू असावी तर अशी — नात सांभाळते आणि सुनेला नवऱ्याकडे धाडते.

मी हो म्हणते.

३ जानेवारी

उद्या निघायचं. सकाळपासून एकाच गोष्टीची वाट बघत होते, ती झाली नाही.

कुणी लांब निघालं की घरचे त्याला नान देतात. एक घास तो चावतो, बाकीचा नान खिळ्याला टांगून ठेवतात — उरलेला त्याने परत येऊन खायचा. ओदिलचा टांगलेला आहे, दाताची खूण दिसते. सासऱ्यांच्या धाकट्या भावाचा तर चार वर्षं लटकतोय, उंदरांनी कुरतडला तरी ओयी काढू देत नाहीत.

आजचे नान मीच भाजले. जेवणं झाली. ओयींनी उरलेले नान फडक्यात बांधले आणि माझ्या पिशवीत ठेवले. "वाटेत खा. सगळे खा."

भिंतीवर रिकामा खिळा होता.

सुंबुलला घेऊ दिलं थोडा वेळ. छाती स्वच्छ आहे आता. कान लावून बघितलं.

२ फेब्रुवारी

इवानोवो. सुट्टी झाली की सगळ्या जणी बाहेर जातात. मी मशीनवर बसून राहते. आज ओदिलने स्वतःच पेटवून पुढे केली — "घे. इथे कोण बघतंय?"

नको म्हणाले. तलफ येत नाही. कशाचीच येत नाही.