वीस किलोची प्लेट आणि वीस लिटरचा जार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
सार्वजनिक व्यायामशाळा,
दुसरा मजला (चव्वेचाळीस पायऱ्या संपल्यावर समोरची खोली)

विषय : माझ्या आईला वजन-कक्षाच्या कामावर परत नेमण्याबाबत, तसेच पाण्यालाही वजन असते हे निदर्शनास आणून देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. २६ ऑगस्टचा अर्ज (जो मी लिहायला नको होता).
२) त्यावरून निघालेला आपला दि. २ सप्टेंबरचा आदेश.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्ज करते की, मी दहावीत शिकत असून आपल्या व्यायामशाळेतील वजन-कक्ष गेली नऊ वर्षे साफ करणाऱ्या बाईंची मुलगी आहे. मागील महिन्यात आपल्या दाराबाहेर तीन दुपारी जी मुलगी बाकावर बसून होती आणि जिच्याविषयी आपण शिपाईकाकांना "ती अजून आहे का?" असे विचारलेत, ती मीच. तेव्हाही होते, आताही आहे.

१. आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी 'सुदृढ प्रौढ स्त्रियांच्या हाडांच्या बळकटीवर भाराचा होणारा परिणाम' हा प्रकल्प घेतला आहे. हाड म्हणजे भिंतीतली वीट नव्हे, ते जिवंत असते. त्याच्यावर नेहमीपेक्षा जास्त भार थोडा वेळ पडला आणि मग विश्रांती मिळाली, की ते स्वतःची डागडुजी करून घेते. नुसते बसवून ठेवले तर हळूहळू आळसावते. हे सगळे मी पहिल्या अर्जात आकृती काढून समजावले होते. ती आकृती 'अनावश्यक' असा शेरा मारून परत आली. आपला वेळ वाचावा म्हणून या वेळी आकृती जोडलेली नाही.

२. वजन-कक्षाच्या दारावर आपला फलक आहे : "महिलांना प्रवेश नाही. जड वजनाने स्त्रियांच्या नाजूक हाडांस अपाय होतो." महिलांची गैरसोय होऊ नये म्हणून शेजारी 'हलका व्यायाम कक्ष' आहे. त्यात एक आरसा, एक चटई आणि अर्ध्या किलोचा एक गुलाबी डंबेल आहे. डंबेल पूर्वी दोन होते, एक हरवला. त्यामुळे सध्या एका वेळी एका महिलेचा एकच हात सुदृढ होऊ शकतो. उरलेल्या हाताने तिने काय करावे, याविषयी फलक नाही.

३. माझी आई रोज पहाटे पाच वाजता त्या वजन-कक्षात जाते (म्हणजे जात असे). आदल्या संध्याकाळी सभासदांनी जमिनीवर टाकलेल्या साठेक प्लेटा ती एकेक करून उचलते, फरशी पुसते, आणि प्लेटा वजनानुसार स्टँडवर लावते. सर्वांत जड प्लेट वीस किलोची आहे. सहा वाजता सभासद येतात आणि त्याच प्लेटा उचलताना असे आवाज काढतात की रस्त्यापलीकडच्या दवाखान्यातली नर्स एकदा चौकशीला आली होती. आई आवाज काढत नाही. तिला पुढे जिनाही पुसायचा असतो.

प्रकल्पासाठी मी आईला आणि मावशीला आरोग्य केंद्रात नेऊन दोघींच्या टाचेच्या हाडाची तपासणी करवून घेतली. मावशी आईपेक्षा दोन वर्षांनी लहान असून दिवसभर तिकीट खिडकीत बसते. दोघीही निरोगी निघाल्या, परंतु आईचे हाड चांगलेच सरस निघाले. मावशी म्हणाली, "आता हाडांचंही प्रगतिपुस्तक आलं का? आणि तिथंही हीच पहिली." आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मात्र वहीवर लाल शाईने लिहिले की, दोन बहिणींवरून काहीही सिद्ध होत नाही, आई मुळातच दणकट असू शकते, निदान दहा जणी हव्यात. म्हणून मी दहा महिलांना आठवड्यातून दोनदा, प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, वजन-कक्ष वापरू द्यावा असा अर्ज केला. मुद्दा आपल्याला पटावा म्हणून त्यात आईचे उदाहरण दिले. खरे लिहिले की काम होते असे तेव्हा मला वाटत असे.

४. आपल्या आदेशात म्हटले आहे की, "सदर अर्जावरून असे निदर्शनास आले की, एक महिला कर्मचारी गेली नऊ वर्षे फलकाचे उल्लंघन करीत आहे." नऊ वर्षे जी गोष्ट आपल्या नजरेस आली नाही, ती एका शाळकरी मुलीच्या अर्जामुळे आली, याचा मला अभिमान वाटावा की काय, ते कळत नाही. आदेशान्वये आईला "तिच्या प्रकृतीच्या काळजीपोटी" वजन-कक्षातून काढून हलके काम देण्यात आले. हलके काम असे : पिण्याच्या पाण्याचे जार तळमजल्यावरून आपल्या कार्यालयात पोहोचवणे. रोज सहा जार.

५. एक जार मी आपल्याच व्यायामशाळेच्या काट्यावर ठेवून पाहिला. आत वीस लिटर पाणी. काटा वीस किलोच्याही थोडा पुढे गेला. म्हणजे पूर्वी आई वीस किलोची प्लेट जमिनीवरून कमरेपर्यंत उचलत होती, आणि तिच्या नाजूक हाडांचा विचार करून आपण आता तेवढेच वजन चव्वेचाळीस पायऱ्या वर नेण्याची सोय केली आहे. मी हे कार्यालयातील लिपिककाकांना सांगितले. ते म्हणाले, "अगं, ते वजन नाही, ते पाणी आहे." आणि त्यांनी ग्लास भरून घेतला. हे विज्ञान आमच्या पाठ्यपुस्तकात अजून आलेले नाही.

६. आईच्या जागी वजन-कक्षात दोन पुरुष कर्मचारी नेमले आहेत. ते प्लेटा उचलत नाहीत, प्लेटांच्या कडेकडेने पुसतात. त्यामुळे फरशीवर धुळीची गोल गोल नक्षी तयार झाली आहे. दिसायला वाईट नाही.

७. आता मुख्य मुद्दा, जो लिहिताना मला गंमत सुचत नाही. वजन-कक्षाच्या सहायकाची जागा रिकामी असून त्या जागेसाठीची निवड दि. २० रोजी आहे. त्या दिवशी उमेदवाराची नेमणूक वजन-कक्षात असली पाहिजे, अशी अट आहे. आईने त्या जागेसाठी जूनमध्येच अर्ज दिला होता. कोणत्या बाकाचा बोल्ट सैल आहे, कोणत्या दांड्याला गंज धरतो, हे तिला तोंडपाठ आहे. प्रशिक्षकही कुठली वस्तू सापडली नाही की तिलाच हाक मारतात. माझ्या अर्जामुळे ती आता उमेदवारच राहिलेली नाही. "तुला माझं उदाहरण द्यायला कोणी सांगितलं होतं?" एवढे विचारून तिने माझ्याशी बोलणे थांबवले. गेले बारा दिवस मी समोर बसलेली असताना ती मावशीला सांगते, "तिला म्हणावं, जेवण गार होतंय."

तरी विनंती की, आईला दि. २० पूर्वी वजन-कक्षात परत नेमावे. प्रकल्पाची आडकाठी होत असल्यास दहा महिलांची मागणी मी मागे घेते. प्रदर्शनात दोन बहिणी मांडीन आणि कमी गुण घेईन. फलक काढावा असा माझा हट्ट नाही. त्याखाली फक्त एक ओळ वाढवावी : "साफसफाई करताना हाडे नाजूक नसतात." आवश्यक असल्यास, पहिल्या अर्जात मी आईविषयी लिहिलेले सर्व खोटे आहे, तिने आजवर एकही प्लेट उचललेली नाही आणि त्या रोज आपोआप स्टँडवर चढत असत, असे लिहून देण्यासही मी तयार आहे. आरोग्य केंद्राचा अहवाल मात्र तसे म्हणत नाही, तो सोबत जोडला आहे.

उत्तर लेखी मिळावे. तोपर्यंत मी शाळा सुटल्यावर रोज त्याच बाकावर असेन, शिपाईकाकांना विचारण्याची तसदी घेऊ नये.

आपल्या आदेशाने शहाणी झालेली,
(सही)
विद्यार्थिनी, इयत्ता दहावी
दि. १४ सप्टेंबर

सोबत : १) टाचेच्या हाडाच्या तपासणीचे अहवाल, दोन. २) काट्यावर ठेवलेल्या जारचे छायाचित्र. ३) आपल्या आदेशाची प्रत, 'हलके' या शब्दाखाली रेघ मारून.

अर्जदार अज्ञान असल्याने पालकांचा अभिप्राय व सही :

मुलीने लिहिले आहे ते वाचले. प्लेटा आपोआप चढत नव्हत्या, मी लावत होते, ते वाक्य खोडावे. बाकी खरे आहे. सहायकाच्या जागेसाठी माझा अर्ज कायम आहे. वजन-कक्षातल्या खिडकीजवळच्या बाकाचा उजवा बोल्ट परवापासून दारातूनही सैल दिसतो आहे, कोणी वजन उचलायला त्यावर आडवे होण्याआधी घट्ट करून घ्यावा. पाना खालच्या कपाटात डावीकडे आहे.
(सही) आई