जाळीवरचे केस

धाकटे,

तू काल नोकरीच्या गावी गेलीस आणि आज न्हाणीघराची जाळी कितीतरी महिन्यांनी स्वच्छ दिसली.

मुरमं आपल्या दोघींनाही होती. पण गोळ्या तुलाच मिळाल्या, कारण तुझी मुलाखत होती. "थोरलीचं काय, ती पॅकिंगमध्ये दिवसभर मास्क लावूनच असते," असं आई म्हणाली. तीन महिन्यांत तुझे गाल असे नितळ झाले की मावशी येता-जाता हात फिरवायची. माझ्या पोटात दुखायचं.

एकदा गोळ्या आणायला मी एकटीच गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "केस गळायला लागले तर लगेच कळवायला सांगा बहिणीला." मी मान डोलावली आणि तुला काहीच सांगितलं नाही. जाळीत तुझे केस अडकायला लागले, तेव्हा आई उठायच्या आत मी ते कागदात गुंडाळून टाकायचे. ताई किती कामाची, असं तू म्हणायचीस.

तुझा भांग बोटभर रुंद झाला, तेव्हा कुठे केस गोळ्यांमुळे गळतायत हे घरात कळलं आणि त्या बंद झाल्या.

काल निघताना तू माझी वेणी घातलीस. "निदान तुझे तरी दाट आहेत गं, ताई," म्हणालीस. मी आरशात तुझे गाल बघत होते.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू मला माफ करशील, आणि तिथेही माझ्यापेक्षा चांगली ठरशील.

तुझी,
ताई