इंदूचा मोठा सेट

मुलचेरा
१० एप्रिल

प्रिय इंदू,

जन्मभर तारा पाठवणाऱ्या दोन बायकांपैकी एक दुसरीला पोस्टाने पत्र लिहिते आहे. आधी हसून घे. मग वाच.

तुझा रेडिओ सेट मी घेणार की नाही, हे तू दहा दिवसांपासून विचारते आहेस आणि मी टाळते आहे. इच्छा नाही असं नाही. तू तो आणलास त्या वर्षापासून तो माझ्या मनात आहे. शंभर वॅट. मोठी गोल चकती. आणि ते बटण, जे फिरवलं की गर्दीतले सगळे आवाज मागे सरतात आणि एकच पुढे येतो. त्याच्यापुढे माझा वीस वॅटचा म्हणजे डबा. जुना असला तरी तुझा सेट अजून असा आहे की चंद्रपूरची धूळही त्याच्यावर बसायला कचरते. किंमत मात्र तू इतकी कमी सांगितलीस, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

इथे मोहाची फुलं गळताहेत. बायका पहाटे टोपल्या घेऊन रानात जातात, आणि सात वाजता मी सेटसमोर बसते तेव्हा त्या परतत असतात. माझ्या सेटची एरियलची तार अंगणातल्या मोहापासून मागच्या ऐनापर्यंत बांधलेली आहे. वारा आला की दोन्ही झाडं तिला आपापल्याकडे ओढतात. रेडिओत आधी काहीच नसतं. नुसती सळसळ, वाळल्या सागाच्या पानांवरून कुणी लांबून चालत यावं तशी. मी डोळे मिटते. खोली कुठे संपते आणि रान कुठे सुरू होतं ते कळेनासं होतं. मग त्या सळसळीतून तू येतेस. शंभर किलोमीटर रान, वैनगंगा, कोळशाच्या खाणी ओलांडून. टिंब, रेघ, टिंब. इंग्रजी अक्षरांत मराठी. काय रांधलंस. सुनेचा ताप उतरला का. शेवटी माझ्यासाठी न चुकता जेबी, म्हणजे जयभीम. भोपाळच्या एका माणसाने मध्येच विचारलं होतं, हे कोणतं नवं संक्षिप्त रूप आलं?

मागे पोलीस ठाण्यातला एक शिपाई तार पाहून घरी आला. मी रेडिओचा परवाना दाखवला. त्याने तो उलटासुलटा करून वाचला. "मॅडम, यावर बोलता कोणासंगं?" चंद्रपूरच्या मैत्रिणीशी, मी म्हटलं. "मंग फोन काऊन नाई करत?" मी त्याला चहा दिला. त्याचं उत्तर आता सुचतं. फोनवर तू आवाज बदलू शकतेस. मोर्सच्या किल्लीवर तुला ते कधी जमलं नाही.

नागपूरचं तार खात्याचं ट्रेनिंग मला अलीकडे फार आठवतं. एक्क्याऐंशी साल, तीस पुरुष आणि आपण दोघी. मुखरूजी मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि किल्लीवर कोण बसलं आहे ते नुसतं ऐकून सांगायचे. तुझ्या रेघा लांब असायच्या, शेवटाला किंचित ओढलेल्या. "हे इंदूबाई. बाई, रेघ व्हय का वावराचा धुरा? सरतच नाई." सगळा वर्ग हसायचा. तू लाल व्हायचीस, पण रेघ आखूड केली नाहीस. पुढे तू चंद्रपूरला, मी इथे. मोर्स गेली, मग तार खातंच गेलं. आपण हौशी रेडिओची परीक्षा दिली आणि परत किल्लीसमोर येऊन बसलो. तारेतून असो की हवेतून, चाळीस वर्षं मी ती लांब रेघ ऐकते आहे.

डिसेंबरात ती तुटायला लागली. आधी वाटलं, आकाश खराब आहे. मग वाटलं, माझा सेट. तुझ्या एका रेघेची दोन टिंबं यायची, कधी तीन. चूक झाली की आठ टिंबं पाठवायची असतात. ती तू इतक्यांदा पाठवायला लागलीस, की एका सकाळी शब्दांपेक्षा तीच जास्त होती. मी सेट बाजारात खुशालभाऊंकडे नेला. पंखे, मोटारी, रेडिओ, ते सगळंच उघडतात. दोन दिवसांनी म्हणाले, "ताई, याले काई नाई झालं. ठणठणीत आहे. बिघाड समोरच्याकडं असन." मला रागच आला. तुझ्याकडे तसला सेट, आणि बिघाड तुझ्याकडे? दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखं विचारलंस, कसं येतंय. मी पाठवलं, रेघा तुटतात, काही कळत नाही, माझा सेट म्हातारा झाला, दुसरा बघते. मग तू पाठवलंस, माझा घे, मला कंटाळा आला. त्यातला 'कंटाळा' तीनदा चुकला.

म्हणून गेल्या रविवारी मी सेट बघायला तुझ्याकडे आले. तू तो डाव्या हाताने सुरू केलास. उजवा पदराखाली होता. मी हेडफोन लावले आणि, खरं सांगते, तिथून उठावंसं वाटेना. दूर कुठे एक माणूस हाका मारत होता. त्याच्यामागे दुसरा. त्याच्यामागे तिसरा, इतका बारीक की तो खरा आहे की मी तो कल्पिला ते ठरेना. माझ्या सेटवर ही माणसं कधी नव्हती. इतकी वर्षं ती तिथेच होती, आणि मी त्यांना सळसळ समजत होते. तासभर बसले असेन. मग म्हटलं, आता तू काहीतरी पाठव. तू खिडकीकडे बघत म्हणालीस, "तूच दाब. घ्याचा तुले आहे, मले नाई." तुझ्या सुनेने, मयुरीने चहा आणला. "ठेव तिथी," तू तिला म्हणालीस. मी माझा प्यायले. तुझ्या चहावर साय धरली.

परतताना गाडी आष्टीच्या पुलावर आली आणि खाली वाळूच वाळू दिसली, मधे पाण्याची एक बारीक धार. तिथे मला सगळं कळलं. तुझा हात थरथरतो. डॉक्टर काय म्हणाले ते तुला वाटेल तेव्हा सांग, नाही सांगितलंस तरी चालेल. पण किल्लीवरून तुला उठवलं ते त्या थरथरीने नाही, मी. काही कळत नाही, असं मी साऱ्या हवेत पाठवलं. कळत होतं, इंदू. थोडं थांबलं असतं तर कळत होतं. हे किल्लीवर सांगता येत नाही, तिथे कुणीही ऐकतं. फोनवर तू हसून विषय बदलला असतास. म्हणून हे पत्र. सेट मला हवा आहे, आणि मी तो घेणार नाही. त्याच्यावर मी सगळं जग ऐकेन आणि सकाळी सातला त्यात तू नसशील. तो तुझ्या टेबलावर राहू दे. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या जागी ऐकत असेन. हळू पाठव. चुकलं तर मागे येऊ नकोस, पुढे जा. एका शब्दाला एक सकाळ लागली तरी चालेल.

तुझीच, इथे थांबलेली,
संघप्रिया