बेचाळीस पाव आणि एक बाटली फिनेल

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे सध्या मनातल्या मनात घालते, पण पुरेपूर घालते.) तुझी शुगर आणि वहिनींचा खांदा कसा आहे ते कळव. माझं बरं आहे. रक्तदाब तेवढा वाढलाय, आणि तो निव्वळ संतापाने. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि कसला ताण आहे का म्हणून विचारलं. मी सांगायला लागले तर पाचव्या मिनिटाला त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तुझ्याकडे पुढचा पेशंट नाही, तेव्हा नीट बसून वाच.

गेल्या मंगळवारी मला पोलीस चौकीत नेलं. चोरीच्या तक्रारीवरून. एकतीस वर्षं हॉस्पिटलचं स्वयंपाकघर सांभाळलेली, साखरेचा चमचासुद्धा घरी न नेलेली तुझी बहीण चोर ठरली, आणि चोरी कशाची, तर कचऱ्याची.

सुरुवात माझ्या गुडघ्यापासून झाली. शेक घ्यायला मी आठवड्यातून दोनदा आमच्याच हॉस्पिटलात जाते. वॉर्डासमोर नातेवाइकांची खोली आहे, तीन बाकं आणि एक बंद पडलेला पंखा. तिथे एक बाई भेटली. नवरा गवंडी, परांचीवरून पडलेला, पाठीचं हाड मोडलेलं. ही अकरा दिवस त्या बाकावर होती. गावात ओळखीचं कोणी नाही. काय खाता, म्हणून विचारलं तर म्हणाली, चहा असतो की. दादा, एकतीस वर्षं मी पेशंटच्या ताटात मीठ किती, तेल किती हे बघत आले, पण बाकावरच्या माणसाने काय खाल्लं हे एकदाही विचारलं नाही. त्या दिवशी पहिला राग मला माझाच आला. (पुढे तो बऱ्याच जणांवर पसरला. तुझा नंबर शेवटी आहे.)

आता, माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्या मोठ्या दुकानाच्या मागच्या अंगणावर उघडते हे तुला माहीत आहेच; उजेड येतो म्हणून तूच ही खोली घ्यायला लावलीस. दुपारी तीनला मालाचा ट्रक येतो, आणि नवा माल फळीवर चढायच्या आधी जुना माल हिरव्या कचरापेटीत जातो. जुना म्हणजे किती जुना? उद्याची तारीख असलेले पाव. दुधाच्या पिशव्या. डझनातलं एक अंडं फुटलं म्हणून अकरा धडधाकट अंड्यांसकट आख्खा खोका. डाग पडलेली केळी, जणू केळ्याला डाग पडणं हा गुन्हा आहे. हे मी चहा ढवळता ढवळता दोन वर्षं बघत होते आणि 'काय हे' म्हणून खिडकी लावून घेत होते. त्या दिवशी लावली नाही. खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांना घेऊन पिशव्यांसकट खाली उतरले.

शिंपीकाकांना ऐकू कमी येतं, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. पहिल्याच दिवशी तळाशी पडलेली दह्याची डबी त्यांना दिसली, आणि ती काढायला वाकले ते कमरेपर्यंत आत गेले. बाहेर फक्त पाय. मी पँट धरून ओढत होते आणि ते आतून, ओढा ओढा, दुहेरी शिवण आहे, असं ओरडत होते. शिवण टिकली. डबीही टिकली. ही गोष्ट त्यांनी इमारतीत इतक्या जणांना सांगितली की चोरी लपवून करायची असते हे आमच्या लक्षातच राहिलं नाही.

आणि मी काय उचललं तसं वाटत सुटले असं समजू नकोस. प्रत्येक अंडं पाण्यात सोडून बघायचं, दूध उकळायचं, फळ कापून आतून बघायचं, जराशी शंका आली की टाकायचं. शिंपीकाकांनी एकदा संशयास्पद चीजबद्दल माझ्याशी वाद घातला, तर दोन दिवस मी त्यांना नुसते पाव कापायला बसवलं. महिनाभर आम्ही रोज उकडलेल्या अंड्याचे पाव आणि कापलेली फळं त्या खोलीत नेली. गवंड्याची बायको पहिल्या दिवशी एक पाव घेऊन दुसऱ्यासाठी हात पुढे करेना. आठवड्याने तीच पदर खोचून वाटायला उभी राहिली, आणि ज्यांचे हात मागे राहतात त्यांना आधी द्यायला लागली. मी निघाले की रोज एकच विचारायची, "बाई, उद्या पण येणार ना?"

मग दुकानात नवे मॅनेजर आले. टायवाले. पंचविशी-तिशीचे, टायचं टोक शर्टाच्या खिशात खोचलेलं, का, तर काम करताना ते मळू नये. काम कसलं? त्यांनी पेटीचं झाकण उघडलं, फिनेलची बाटली घेतली आणि पावांवर ओतली. कोपरा न् कोपरा भिजवत, झाडांना पाणी घालावं इतक्या निगुतीने. मी तिसऱ्या मजल्यावर. ओरडले, तर त्यांनी वर बघून मान लववली. गुडघा सांभाळत खाली पोचेपर्यंत बेचाळीस पाव फुगून पांढरे झाले होते. (मोजले. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.) त्या दिवशी आम्ही रिकाम्या हाताने गेलो. गवंड्याच्या बायकोने कुणाकडून तरी दोन ताटल्या मागून धुऊन ठेवल्या होत्या. तिने त्या परत नेऊन दिल्या. दादा, मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मी मॅनेजरांना जाऊन भेटले. ते मला आजी म्हणाले, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळ्याला नाही म्हणाले. उद्या कुणाला उलट्या झाल्या तर जबाबदार कोण? म्हटलं, मी सही करून देते. म्हणे, तसा फॉर्म नाही. हॉस्पिटलचे लोक येऊन घेऊन जातील? तसा नियम नाही. मग फिनेल ओतायचा आहे का नियम? तो मात्र होता.

म्हणून मंगळवारी तीनला मी स्टूल लावून पेटीच्या झाकणावर चढून बसले. मॅनेजरांनी पहारेकऱ्याला मला खाली उतरवायला सांगितलं. तो भला माणूस जवळ आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि हळूच विचारलं, गुडघ्याला कोणतं मलम लावता, माझी कंबर धरलीय. आमचं मलमाचं बोलणं रंगात आलं तेवढ्यात पोलीस आले. पोलीस म्हणजे एकच हवालदार बाई, जेवण अर्धं सोडून आलेल्या. त्यांनी फॉर्म काढला आणि मॅनेजरांना विचारलं, चोरीला गेलेला माल खाण्याजोगा होता की खराब? खराब म्हणावं तर चोरी कसली, आणि खाण्याजोगा म्हणावं तर फिनेल कशाला? मॅनेजरांनी एक शब्द लिहून खोडला, दुसरा लिहून खोडला. शेवटी त्यांनी 'वस्तू' असं लिहिलं.

चौकीत मॅनेजरांनी प्लास्टिकच्या फायलीतून अन्न खात्याचं सरकारी परिपत्रक काढलं, बावीस वर्षांपूर्वीचं. माझा चष्मा पेटीवरून उतरताना पडलेला, म्हणून हवालदार बाईंनीच वाचलं. "विक्री न झालेले अन्न पुन्हा खाता येणार नाही अशा रीतीने नष्ट करावे." आणि खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. दादा, तुझं. ओळखता का, म्हणून बाईंनी विचारलं. मी म्हटलं, या क्षणापर्यंत ओळखत होते.

तू ते का लिहिलंस हे मला ठाऊक नाही असं नाही. तो खाटीक सडलेलं मांस धुऊन पुन्हा विकायचा, चार मुलं आजारी पडली होती, आणि तू आठवडाभर धड जेवला नव्हतास. माझ्याच टेबलाशी बसून लिहिलंस. मी अभिमानाने माझ्या स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. पण तुला म्हणायचं होतं 'विक्रीस अयोग्य', आणि घाईत लिहिलंस 'विक्री न झालेले'. आणि मी ते मोठ्याने वाचूनही मला दिसलं नाही. बावीस वर्षांत किती पेट्या भरल्या असतील, हिशोब कर. मला करवत नाही.

मला सोडून दिलं. हवालदार बाईंनी समेटासाठी शुक्रवारी अकरा वाजता तुझ्या जुन्या कचेरीत बैठक ठेवायला लावली आहे. तोवर फिनेल बंद, पण पेटीला कुलूप. आत माल कुजतोय, आणि वास माझ्या खिडकीपर्यंत येतो. गवंड्याने काल डावा पाय हलवला. त्याची बायको अजून तिथेच आहे, महिनाभर तरी असेल. मी सध्या शिंपीकाकांकडून उधार राग घेऊन दिवस काढते आहे, माझा संपत आला.

तुझी (कागदोपत्री अजून) धाकटी बहीण

ता. क. माफी नको, खुलासा नको, निवृत्त झालो म्हणून आता माझं कोण ऐकतं हे तर मुळीच नको. तिथला आताचा साहेब तुझ्या हाताखाली कारकून होता, तुझं नाव घेतलं तर खुर्चीतून उठतो म्हणे. शुक्रवारी ये, आणि त्या एका शब्दाबद्दल स्वतःच्या तोंडाने सांग, की चुकला.

ता. क. २. शुगरचं आणि गाडीच्या गर्दीचं कारण लिहायला बसू नकोस. वहिनींना मी हे सगळं पत्र काल फोनवर वाचून दाखवलंय. तुझी बॅग त्यांनी भरून पलंगाखाली ठेवली आहे, बघ. तू इथवर वाचेपर्यंत त्या शेजारी घराची किल्ली द्यायला गेल्याही असतील.